पायथन एकच बसवला, मग दोन मशीनवर दोन वेगळी रडगाणी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उबुंटू २२.०४ चा लॅपटॉप आणि ऑफिसातला रॉकी लिनक्स ८ चा सर्व्हर, दोन्हीकडे तुम्ही पायथन ३.१२ (प्रोग्रॅमिंगची भाषा) सोर्समधून, म्हणजे मूळ कोड स्वतः बांधून, बसवला. कॉन्फिगर, मेक, सुडो मेक इन्स्टॉल, त्याच तीन कमांड. सर्व्हरवर टर्मिनलमध्ये ३.१२ दिसतो, पण सुडो (सर्वाधिकारी ‘रूट’ युजर म्हणून कमांड चालवण्याची सोय) लावलं की ३.६ उगवतो, आणि क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणत रोज रात्री मरते. लॅपटॉपवर हा त्रास नव्हता. पण सगळीकडे एकच पायथन असावा म्हणून तुम्ही अपडेट-अल्टरनेटिव्हज (एका नावामागचा प्रोग्रॅम बदलणारी कमांड) वापरून सिस्टीमचा पायथन३ नव्याकडे वळवलात. तेव्हापासून ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी (पॅकेजांचा नवा स्रोत जोडणारी कमांड) ‘एपीटी_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही’ म्हणते आणि टर्मिनलची खिडकी उघडतच नाही. दोनदा पुन्हा मेक इन्स्टॉल करून झालं, फरक शून्य. आणि शेवटी विचारलंय की ओपनएसएसएलही (सुरक्षित जोडणीसाठी लागणारी एन्क्रिप्शनची लायब्ररी) नवं बसवलं तर सुटेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नका बसवू. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी होईल. का, ते पुढे सांगतो.

पायथन दोन्ही मशीनवर व्यवस्थित बसलाय, त्यामुळे तो शंभरदा बसवलात तरी काही बदलणार नाही. ‘पायथन३’ अशी हाक मारल्यावर ओ कोण देतो, हा खरा घोळ आहे. आणि हाक मारणारा बदलला की ओ देणाराही बदलतो. (पुढे कमांड आणि फाइलींचे पत्ते उच्चारावरून देवनागरीत लिहिलेत. टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करा.)

सोर्समधून काहीही बसवताना वेगळी जागा सांगितली नाही, तर ते /यूएसआर/लोकल खाली जातं. फाइलसिस्टीमच्या प्रमाणित रचनेत ती जागा मशीन सांभाळणाऱ्यासाठी राखलेली आहे. डिस्ट्रिब्यूशनची पॅकेजेस /यूएसआर मध्ये बसतात आणि लोकलच्या वाटेला जात नाहीत. म्हणजे तुमच्या दोन्ही मशीनवर आता पायथन३ नावाच्या दोन फाइली आहेत, एक /यूएसआर/लोकल/बिन मध्ये आणि एक /यूएसआर/बिन मध्ये. एका वाड्यात दोन जोशी राहतात तसं. शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) काय करतो, तर पाथ या व्हेरिएबलमधली फोल्डरांची यादी डावीकडून वाचत जातो आणि पहिल्या जोश्याच्या दारात पत्र टाकून मोकळा होतो. दुसरा जोशी आहे की नाही हे तो बघतही नाही.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. निसटतं ते हे, की ही यादी मशीनची नसते. प्रत्येक प्रोसेसची (चालू असलेल्या प्रोग्रॅमची) आपली स्वतःची यादी असते आणि ती तिला जन्म देणाऱ्याकडून मिळते. तुमच्या लॉगिन शेलची एक, सुडोची दुसरी, क्रॉनची तिसरी, सिस्टीमडीची (मशीनच्या सर्व्हिस चालवणाऱ्याची) चौथी. आणि या याद्या डेबियनवाल्यांनी (उबुंटू त्यांच्या घराण्यातलं) एका पद्धतीने लिहिल्या, रेड हॅटवाल्यांनी (रॉकी त्यांच्या घराण्यातलं) दुसऱ्या.

तुमच्या रॉकीवर काय झालं ते बघा. आधी साध्या टर्मिनलमध्ये ‘टाइप -ए पायथन३’ चालवा. ‘व्हिच’ वापरू नका. तो एकच जोशी दाखवतो, आणि शेलने लक्षात ठेवलेले पत्ते त्याच्या गावीही नसतात. ‘टाइप -ए’ सगळे जोशी क्रमाने दाखवतो. तुमच्याकडे दोन ओळी येतील, लोकलची वर आणि सिस्टीमची खाली. आता ‘सुडो एन्व्ह’ चालवून त्यातली पाथची ओळ बघा. रॉकी ८ वर ती /एसबिन, /बिन, /यूएसआर/एसबिन, /यूएसआर/बिन एवढीच दिसेल. लोकलचा पत्ता नाही.

हे येतं /ईटीसी/सुडोअर्स मधल्या ‘सिक्युअर_पाथ’ या ओळीतून. सुडो तुमचा पाथ फेकून देतो आणि ही ठरलेली यादी लावतो. कारण रास्त आहे. तुमच्या पाथमध्ये कोणी खोटी ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) पेरली असेल तर ती रूटच्या अधिकाराने चालू नये. रेड हॅट ७ आणि ८ च्या घराण्यात या यादीत लोकल नाही. उबुंटूच्या यादीत लोकल आहे, तेही पुढे, शिवाय स्नॅपचं बिनही. म्हणून लॅपटॉपवर सुडोने ३.१२ दिला आणि सर्व्हरवर ३.६. त्याच कमांडचा निकाल दुसऱ्याच्या ब्लॉगवर वेगळा आणि आपल्याकडे वेगळा दिसतो तेव्हा निम्म्या वेळा कारण इथेच असतं.

याहून वाईट परिणाम लगेच लक्षात येत नाही. तुम्ही सर्व्हरवर ‘सुडो पिप३ इन्स्टॉल’ने (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) जी पॅकेजेस घातलीत ती ३.६ च्या घरात गेली. ३.१२ ला ती कधीच दिसणार नाहीत, कारण प्रत्येक पायथन आपल्या आवृत्तीच्या फोल्डरमध्येच शोधतो. त्यामुळे नुसतं ‘पिप’ कधी लिहू नका. ज्या पायथनसाठी पॅकेज हवं त्याचं पूर्ण नाव घ्या: ‘/यूएसआर/लोकल/बिन/पायथन३.१२ -एम पिप’. पिपचं काम कोणासाठी चाललंय हा प्रश्नच उरत नाही.

सिक्युअर_पाथमध्ये लोकल घालावा का, असं हमखास विचारलं जातं. घालता येतो, सुडोअर्सची फाइल व्हीआयसुडो या कमांडने उघडून. मी मात्र दुसऱ्यांच्या सर्व्हरवर घालत नाही. एका पायथनसाठी रूटची शोधण्याची पद्धत बदलायची, म्हणजे उद्या लोकलमध्ये पडलेलं कोणाचंही काहीही रूट आधी उचलणार. पूर्ण पत्ता लिहिणं कंटाळवाणं वाटतं, पण सहा महिन्यांनी स्क्रिप्ट वाचणाऱ्याला त्याचा पत्ता शोधत बसावं लागत नाही.

क्रॉनची कथा तीच, फक्त यादी आणखी आखूड. युजरच्या क्रॉनटॅबला (त्याच्या क्रॉनच्या कामांच्या यादीला) मिळतं फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन. तुमच्या शेलच्या सेटिंगच्या फाइली, म्हणजे डॉट-बॅशआरसी, डॉट-प्रोफाइल, काहीच वाचलं जात नाही. यावर एकदा हात पोळलाय. एका क्लायंटच्या सर्व्हरवर मी बॅकअपचा प्रोग्रॅम लोकलमध्ये टाकला, हाताने चालवून पाहिला, समाधानाने क्रॉनमध्ये लावला आणि घरी गेलो. अकरा दिवस एकही बॅकअप झाला नाही. क्रॉन बिचारा रोज रात्री ‘कमांड सापडली नाही’ अशी मेल रूटला पाठवत होता आणि रूटची पेटी उघडणारं कोणी नव्हतं. त्या अकरा दिवसांत डिस्क गेली नाही हे नशीब. तेव्हापासून क्रॉनमध्ये काही लावण्याआधी मी ते क्रॉनच्याच दरिद्री अवस्थेत चालवून बघतो: ‘एन्व्ह -आय पाथ=/यूएसआर/बिन:/बिन /बिन/एसएच -सी’ आणि पुढे अवतरणात ती कमांड. इथे चाललं तर तिथे चालतं. गंमत म्हणजे सिस्टीमडीच्या सर्व्हिसला लोकल दिसतं, त्याच्या ठरलेल्या यादीत ते आहे. म्हणून तीच स्क्रिप्ट सिस्टीमडीच्या टायमरने चालते आणि क्रॉनने मरते, आणि लोक सिस्टीमडीचे गोडवे गातात.

आता लॅपटॉप. इथे बिघाड मोठा आहे, पण तो तुम्ही पायथन बसवल्याने झालेला नाही. नुसतं लोकलमध्ये ३.१२ असताना सगळं चालत होतं ना? कारण उबुंटूच्या स्वतःच्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ असा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. त्या पाथला विचारतच नाहीत. ज्या स्क्रिप्टांत ‘/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३’ लिहिलेलं असतं त्याच पाथवर विसंबतात. तुमच्या लोकलच्या जोश्याला उबुंटूने कधी हाक मारलीच नव्हती. अपडेट-अल्टरनेटिव्हजने तुम्ही /यूएसआर/बिन/पायथन३ ही लिंकच (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) उचलून ३.१२ वर टाकलीत, म्हणजे पत्ता तोच ठेवून घरातला माणूस बदललात.

नव्या माणसाला त्या घरातलं काही माहीत नाही. डेबियन आणि उबुंटू आपली पायथन पॅकेजेस /यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस मध्ये ठेवतात. ‘डिस्ट-पॅकेजेस’ हा डेबियनने केलेला बदल आहे. मूळ पायथनला फक्त ‘साइट-पॅकेजेस’ ठाऊक असतं. तुम्ही सोर्समधून बसवलेला ३.१२ शोधतो /यूएसआर/लोकल/लिब/पायथन३.१२/साइट-पॅकेजेस मध्ये. तिथे एपीटी_पीकेजी कुठून असणार? ते फोल्डर त्याला दाखवलं तरी भागणार नाही. ती फाइल सी++ मध्ये लिहून खास ३.१० साठी बांधलेली आहे, तिच्या नावातच ‘सीपायथन-३१०’ असं लिहिलेलं दिसेल. तिची नक्कल करून नावातला ३१० काढून टाका, असा उपाय इंटरनेटवर फिरतो. करू नका. कुलूप बदलल्यावर जुन्या किल्लीवर नवं लेबल चिकटवण्यासारखं आहे ते. टर्मिनल न उघडण्याचं कारणही तेच. उबुंटूवर ग्नोम-टर्मिनल सुरू करणारी फाइल ही पायथन स्क्रिप्ट आहे, आणि तिला लागणारं ‘जीआय’ मॉड्यूलही ३.१० साठीच बांधलेलं.

दुरुस्ती अशी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या कन्सोलवर जा, लॉगिन करा. ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्हज --रिमूव्ह-ऑल पायथन३’ चालवा. याने लिंकच निघून जाते, तेव्हा इथे थांबू नका. लगेच ‘सुडो एलएन -एसएफ पायथन३.१० /यूएसआर/बिन/पायथन३’. मगच ॲप्टला (उबुंटूची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाला) हात लावा. क्रम उलटा केलात, म्हणजे लिंक नसताना ॲप्टने पायथन पुन्हा बसवायला गेलात, तर पॅकेजांच्या आतल्या स्क्रिप्टांनाच /यूएसआर/बिन/पायथन३ लागतो आणि सगळं अर्ध्यावर अडकतं. शेवटी ‘एलएस -एल /यूएसआर/बिन/पायथन३’ करून बाण ३.१० कडे दाखवतोय ना ते बघा, आणि ग्राफिकल सत्रात परत या.

प्रोग्रॅमची जागा बदलल्यावरही त्याच टर्मिनलमध्ये जुनाच पत्ता शोधला जाताना दिसला तर घाबरू नका. बॅश, म्हणजे तुमचा शेल, एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो. प्रोग्रॅम एका फोल्डरमधून काढून दुसरीकडे बसवलात की बॅश छातीठोकपणे जुन्या पत्त्यावर जातो आणि ‘अशी फाइल नाही’ सांगतो, फाइल नव्या जागी धडधडीत असताना. ‘हॅश -आर’ दाबा, विसरेल. याच जातीचा दुसरा चकवा होम फोल्डरमधल्या डॉट-लोकल/बिनचा. उबुंटूची डॉट-प्रोफाइल ते फोल्डर पाथमध्ये घालते, पण लॉगिनच्या वेळी ते अस्तित्वात असेल तरच. आयुष्यात पहिल्यांदा ‘पिप --युजर’ने काही बसवलंत तर ते फोल्डर तेव्हा जन्माला येतं, आणि तुमचं लॉगिन त्याआधीचं असतं. लॉगआउट करून या. लोक इथे तासन्‌तास घालवतात.

आता ओपनएसएसएल. पाथचा घोळ प्रोग्रॅमपुरता असेल तर चुकीचा प्रोग्रॅम चालतो, एवढंच. लायब्ररीपर्यंत (अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या सामाईक कोडपर्यंत) गेला की प्रोग्रॅम बरोबर आणि आतडी दुसऱ्याची, असा प्रकार होतो. उबुंटू २२.०४ वर सोर्समधून ३.०.१३ बसवून ‘ओपनएसएसएल व्हर्जन’ विचारलंत तर अशी ओळ येते: ‘ओपनएसएसएल ३.०.१३, ३० जानेवारी २०२४’, आणि पुढे कंसात ‘लायब्ररी: ओपनएसएसएल ३.०.२, १५ मार्च २०२२’. ती कंसातली अक्षरं कोणी वाचत नाही. प्रोग्रॅम नवा, पण खरं काम करणारी लायब्ररी जुनीच. कारण नवी लायब्ररी गेली /यूएसआर/लोकल/लिब६४ मध्ये. लिब६४ ही रेड हॅटकडची पद्धत. डेबियनच्या घराण्यात ६४ बिटच्या लायब्ररी /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मध्ये राहतात, आर्चमध्ये साध्या /यूएसआर/लिब मध्ये. उबुंटूचा लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या लायब्ररी शोधून देणारा) /यूएसआर/लोकल/लिब बघतो, लोकलच्या लिब६४ कडे ढुंकूनही पाहत नाही. उलट रॉकीवर /यूएसआर/लोकल/लिब सुद्धा लोडरच्या यादीत नसतं. म्हणून ‘--इनेबल-शेअर्ड’ लावून (मुख्य भाग वेगळ्या लायब्ररीत ठेवून) बांधलेला पायथन उबुंटूवर एलडीकॉन्फिग (लोडरची यादी ताजी करणारी कमांड) केल्यावर चालतो आणि रॉकीवर ‘लिबपायथन उघडता येत नाही’ म्हणून पहिल्याच पावलाला कोसळतो.

मग माणूस काय करतो? /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये एक फाइल टाकतो, तिच्यात लिब६४ चा पत्ता लिहितो आणि एलडीकॉन्फिग चालवतो. कंसातली तक्रार जाते, माणूस खूश. पण आता ती लायब्ररी एकट्या तुमच्या प्रोग्रॅमची राहिली नाही. एसएसएच, डब्ल्यूगेट, मशीनवर जे जे ओपनएसएसएल वापरतं ते सगळं तुमच्या घरगुती लायब्ररीवर आलं. त्या फोल्डरमधल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, ‘ओपनएसएसएल.कॉन्फ’ हे नाव ‘एक्स८६’च्या आधी येतं आणि आधी आलेला जिंकतो. वर तुमच्या लायब्ररीला सर्टिफिकेटं कुठे शोधायची म्हणून सांगितलंय /यूएसआर/लोकल/एसएसएल, जिथे एकही सर्टिफिकेट नाही. उबुंटूची खरी सर्टिफिकेटं /ईटीसी/एसएसएल मध्ये. मग जे प्रोग्रॅम त्या ठरलेल्या जागेवर विसंबतात ते चांगल्या साइटलाही ‘सर्टिफिकेट देणारा ओळखीचा नाही’ म्हणू लागतात. आणि उबुंटू ३.०.२ हा आकडा तसाच ठेवून सुरक्षेचे पॅच आत घालत असते. तुमच्या ३.०.१३ ला कोण घालणार?

खरंच वेगळं ओपनएसएसएल हवं असेल तर ते /ऑप्ट खाली स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवा आणि लायब्ररीचा पत्ता प्रोग्रॅमच्याच पोटात लिहा. पायथनच्या कॉन्फिगरमध्ये ३.१० पासून त्यासाठी सोय आहे: ‘--विथ-ओपनएसएसएल’ला फोल्डर द्या आणि सोबत ‘--विथ-ओपनएसएसएल-आरपाथ=ऑटो’. सिस्टीमची यादी अस्पर्श राहते. एलडी_लायब्ररी_पाथ (लोडरला जादा फोल्डर सुचवणारं व्हेरिएबल) डॉट-बॅशआरसीमध्ये लिहून ठेवण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तर हसून सोडून द्या. सुडो ते पुसतो, क्रॉनला ते दिसत नाही, आणि टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या गळ्यात ते पडतं. कोण कुठली लायब्ररी उचलतंय हे ‘एलडीडी’ दाखवतो. तरी उलगडलं नाही तर एलडी_डीबग=लिब्ज लावून प्रोग्रॅम चालवा, लोडर कुठल्या कुठल्या दारात डोकावला ते ओळीओळीने छापतो. आउटपुट भरपूर येतं, पण गोष्ट वाचल्यासारखं वाचत गेलं की गुन्हेगार सापडतो.

तुमच्या प्रश्नात नाही, पण उद्या डेबियनवर गेलात तर भेटेल म्हणून सांगतो. २०१९ च्या डेबियन १० पासून नुसतं ‘एसयू’ (दुसरा युजर होण्याची कमांड) केलं तर रूट होता येतं, पण पाथ साध्या युजरचाच राहतो, त्यात एसबिन (मशीन सांभाळण्याच्या कमांडचं फोल्डर) नसतं. मग डीपीकेजी (डेबियनची पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) ‘एलडीकॉन्फिग सापडत नाही’ म्हणून अडून बसतं आणि लोक पॅकेज खराब आहे असं समजतात. ‘एसयू’ पुढे जागा सोडून एक आडवी रेघ, म्हणजे ‘एसयू -’, एवढाच उपाय. फेडोराने तर ४२ व्या आवृत्तीत बिन आणि एसबिन एकच करून टाकले, त्यामुळे फेडोरावर लिहिलेल्या सूचना इतरत्र तशाच चालतील अशी अपेक्षा आणखी कमी ठेवा. आणि तुमच्या मशीनवर ॲनाकोंडा (स्वतःचा पायथन सोबत आणणारा संच) असेल तर तो शेलच्या सुरुवातीलाच स्वतःला यादीच्या डोक्यावर बसवतो. वरचं सगळं तपासताना आधी ‘कोंडा डीॲक्टिव्हेट’ करा, नाहीतर तिसरा जोशी मध्ये येईल.

तर तुम्ही आता काय कराल? लॅपटॉप वर सांगितल्याप्रमाणे पूर्ववत करा. मग लोकलमधल्या बिनमध्ये जाऊन आवृत्तीचा आकडा नसलेल्या पायथन३ आणि पिप३ या दोन नोंदी काढा, पायथन३.१२ ठेवा. काढण्यापूर्वी आपण /यूएसआर/लोकल/बिन मध्येच आहोत ना हे ‘पीडब्ल्यूडी’ने बघा, इथे चूक झाली तर लॅपटॉपची तीच अवस्था पुन्हा होईल. सर्व्हरवरही तेच. पुढच्या वेळी ‘मेक इन्स्टॉल’ ऐवजी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ म्हणा, तो बिनआकड्याचं नाव तयारच करत नाही. मग तुमच्या कामासाठी स्वतंत्र व्हेन्व्ह (एका कामापुरता पायथन आणि त्याची पॅकेजेस ठेवणारं फोल्डर) करा: ‘/यूएसआर/लोकल/बिन/पायथन३.१२ -एम व्हेन्व्ह /ऑप्ट/रिपोर्ट’, रिपोर्टच्या जागी तुमच्या कामाचं नाव. पॅकेजेस त्यातल्याच पायथनने बसवा, आणि क्रॉनमध्ये, सुडोमागे, सर्व्हिस फाइलमध्ये, सगळीकडे /ऑप्ट/रिपोर्ट/बिन/पायथन असा पूर्ण पत्ता लिहा. ॲक्टिव्हेट करायचीही गरज नाही, ती सोय फक्त हाताने टाइप करणाऱ्यांसाठी आहे. हाक मारणारा कोणीही असो, ओ एकच देईल.

फक्त ते फोल्डर नंतर उचलून दुसरीकडे नेऊ नका. त्याच्या आतल्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत जुना पत्ता कोरलेला असतो. जागा बदलायची वेळ आली तर पॅकेजांची यादी ‘पिप फ्रीझ’ने काढून घ्या आणि नव्या जागी नवं व्हेन्व्ह करा.